जोगेश्वरीच्या लॉजवरून विमानतळाला जायचंय? गाडी ठरवताना काय पाहायचं, काय विचारायचं

मुलगा दुबईला नोकरीला निघालाय, कुणी लेकीकडे बंगळुरूला चाललंय, कुणी उमऱ्याला. विमान बहुतेक वेळा पहाटेचं असतं. त्यामुळे गावाकडची मंडळी आदल्या दिवशीच मुंबई गाठतात आणि जोगेश्वरीत एखाद्या लॉजवर किंवा साध्या हॉटेलात रात्र काढतात. विमानतळ इथून जेमतेम सहा ते आठ किलोमीटरवर आहे. पण तिकिटाला हजारो रुपये मोजल्यावर या शेवटच्या सहा-आठ किलोमीटरची गाडी मात्र ‘सकाळी बघू’ म्हणून सोडून दिली जाते आणि ऐनवेळी गडबड होते. ड्रायव्हर फोन उचलत नाही, गाडी भलत्याच टर्मिनलला जाते, बॅगा डिकीत मावत नाहीत, नाहीतर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट पैसे मागितले जातात.

हे टाळायचं असेल तर चार गोष्टी रात्री झोपण्याआधी पक्क्या करायच्या: कुठलं टर्मिनल, किती वाजता निघायचं, एकूण भाडं किती आणि गाडीचा नंबर काय.

आधी बघा, विमान नेमकं कुठून सुटतंय

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ एकच असला तरी त्याची टर्मिनल दोन आहेत आणि दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

- टर्मिनल १ : विलेपार्ले-सांताक्रूझ पूर्वेला, महामार्गालगत. इथून फक्त देशातली विमानं सुटतात.
- टर्मिनल २ : अंधेरी पूर्वेला सहार इथे. परदेशातली सगळी आणि देशातलीही बरीच विमानं इथून सुटतात. हे टर्मिनल २०१४ मध्ये सुरू झालं.

‘आपलं विमान देशातलंच आहे, म्हणजे टर्मिनल १’ असं धरून चालू नका. एकाच कंपनीची काही विमानं एका टर्मिनलवरून तर काही दुसऱ्यावरून सुटतात, आणि कंपन्या टर्मिनल बदलतातही. तिकिटावर ‘टी १’ किंवा ‘टी २’ असं लिहिलेलं असतं. तिकीट महिना-दोन महिन्यांपूर्वी काढलं असेल, तर आदल्या दिवशी कंपनीकडून आलेला मेसेज पुन्हा वाचा.

आता तिसरी शक्यताही आहे. नवी मुंबईचा नवा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन होऊन २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला आहे. तो उलवे-पनवेल बाजूला आहे. जोगेश्वरीपासून साधारण ४० किलोमीटर. तिकिटावर शहराचं नाव वाचून थांबू नका, शेजारची तीन अक्षरं बघा. ‘बीओएम’ म्हणजे मुंबईचा जुना विमानतळ आणि ‘एनएमआय’ म्हणजे नवी मुंबई. विमान नवी मुंबईहून असेल तर मुळात जोगेश्वरीत मुक्काम करायचा की पनवेल-वाशीकडे, याचाच विचार करा. जोगेश्वरीतूनच जायचं असेल तर रस्त्याला दीड तास धरा, गर्दीच्या वेळी दोन ते अडीच तास.

तारखेचा घोळ : सगळ्यात महागात पडणारी चूक

तिकिटावर वेळ २४ तासांच्या घड्याळात असते आणि तारीख रात्री बारानंतर बदलते. तिकिटावर ‘१५ तारीख, ००:४०’ असं असेल तर ते विमान १४ तारखेच्या रात्री बारा वाजून चाळीस मिनिटांनी सुटणार. म्हणजे १४ च्या रात्रीच विमानतळावर हजर पाहिजे. १५ च्या रात्री बॅगा घेऊन गेलात तर विमान जाऊन पूर्ण दिवस झालेला असतो.

लॉजची खोली आणि गाडी ठरवतानाही हाच घोळ होतो. ‘उद्या पहाटे दोनला गाडी पाहिजे’ असं रात्री साडेबारा वाजता सांगितलं तर ऐकणारा पुढच्या दिवशीची पहाट समजू शकतो. म्हणून वार आणि तारीख दोन्ही सांगा, आणि ‘आज रात्रीच, दीड तासाने’ असं स्पष्ट बोला.

निघायची वेळ कशी काढायची

परदेशी विमानासाठी सुटण्याच्या ३ तास आधी आणि देशातल्या विमानासाठी २ तास आधी टर्मिनलवर पोचायचं, हा हिशोब धरा. बॅगा घेणारे काउंटर विमान सुटण्याच्या पाऊण ते एक तास आधी बंद होतात. परदेशी विमानाचे काही वेळा त्याआधीही. काउंटर बंद झाल्यावर विनवण्या करून उपयोग होत नाही.

आता रस्ता. पहाटे पश्चिम द्रुतगती महामार्ग मोकळा असेल तर जोगेश्वरी पूर्वेहून टर्मिनल २ ला १५ ते २५ मिनिटं पुरतात. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेत त्याच रस्त्याला पाऊण ते एक तास लागू शकतो. वर पंधरा मिनिटं अडीअडचणीला ठेवा.

उदाहरणं बघा:

- परदेशी विमान पहाटे ५:४० ला. टर्मिनलवर २:४० ला. लॉजवरून २:०० ला निघायचं. गाडी १:४५ ला दारात बोलवायची.
- देशातलं विमान सकाळी ७:०० ला. टर्मिनलवर ५:००. निघायचं ४:२० ला.
- देशातलं विमान रात्री ८:०० ला. टर्मिनलवर ६:००. पण ही गर्दीची वेळ, म्हणून ४:४५ ला निघायचं.
- परदेशी विमान रात्री १२:४० ला. टर्मिनलवर रात्री ९:४०. निघायचं ८:३० ला.

पूर्व की पश्चिम?

जोगेश्वरी रेल्वेमुळे दोन भागांत विभागली आहे. लॉज पूर्वेला असेल तर गाडी थेट महामार्गाला लागते. पश्चिमेला, म्हणजे एस. व्ही. रोड किंवा ओशिवरा बाजूला असेल, तर गाडीला आधी रेल्वे ओलांडावी लागते. त्यासाठी जोगेश्वरीचा उड्डाणपूल आहे, नाहीतर अंधेरीचा गोखले पूल. हा पूल नव्याने बांधून मे २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. पश्चिमेहून निघताना १५ मिनिटं जास्त धरा.

पावसाळ्यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. अंधेरीचा सबवे जोराच्या पावसात पाण्याने भरतो आणि बंद करतात. दर पावसाळ्यात हे होतं. ड्रायव्हरला आधीच सांगा, ‘सबवेने नको, पुलावरून चला.’ गणपती विसर्जनाच्या दिवशीही वर्सोवा-जुहू बाजूचे रस्ते तुंबतात, तेव्हा तास-दीड तास आधी निघालेलं बरं.

गाडी मिळण्याचे चार मार्ग

१. हॉटेल किंवा लॉजमार्फत गाडी. रिसेप्शनवर सांगितलं की ते ओळखीच्या ड्रायव्हरला बोलावतात. भाडं ठोक असतं, मीटरपेक्षा जास्त असतं, पण पहाटे गाडी दारात येते आणि नाही आली तर विचारायला समोर माणूस असतो. काही ठिकाणी ‘विमानतळाला मोफत सोडू’ असं सांगतात. ते कोणत्या वेळेला, कोणत्या टर्मिनलला आणि एकट्या तुम्हाला की चार-पाच गिऱ्हाइकं गोळा करून, हे विचारून घ्या.

२. ट्रॅव्हल्सवाल्याची खासगी टूरिस्ट गाडी. माणसं पाच-सहा असतील, सामान जास्त असेल, सोबत म्हातारं माणूस असेल तर ही सोयीची. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठरवा.

३. ॲपवरची गाडी. ओला, उबर, रॅपिडो अशी ॲप आहेत. आगाऊ वेळ टाकून बुकिंग करता येतं. पण बुकिंग झालं म्हणजे गाडी मिळाली असं नाही. बऱ्याचदा ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबर निघायच्या थोडा वेळ आधी येतो. ‘कुठे जायचंय, कॅश की ऑनलाइन’ असं विचारून फेरी रद्द करणारेही भेटतात. जुलै २०२५ मधल्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत, फेरी स्वीकारून विनाकारण रद्द केली तर भाड्याच्या १० टक्के, जास्तीत जास्त १०० रुपये दंड सांगितला आहे. पण त्या दंडाने सुटलेलं विमान मिळत नाही. म्हणून पहाटेच्या विमानासाठी नुसत्या ॲपवर विसंबू नका.

४. काळी-पिवळी टॅक्सी किंवा रिक्षा. मीटरने जाते, सगळ्यात स्वस्त. पण रिक्षाला टर्मिनल २ च्या सहार उन्नत मार्गावर जाता येत नाही. ती खालच्या रस्त्याने सोडते आणि पुढे बॅगा घेऊन वर जावं लागतं. एकटा माणूस, एक बॅग, तर रिक्षा चालते.

दिवसाचं विमान असेल आणि सामान कमी असेल तर मेट्रोही आहे. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने रिक्षा करून ‘आरे जेव्हीएलआर’ स्टेशन गाठायचं, तिथून मेट्रो ३ थेट टर्मिनल २ आणि पुढे टर्मिनल १ च्या स्टेशनला जाते. रात्री उशिरा आणि पहाटे मात्र मेट्रो बंद असते.

भाडं किती योग्य?

खासगी गाडीला सरकारी ठरलेला दर नसतो. म्हणून मीटरचा दर माप म्हणून वापरा. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत काळी-पिवळीला पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६ रुपये असा दर झाला. रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे १७.१४ रुपये. रात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत २५ टक्के जादा.

सात किलोमीटरचा हिशोब असा होतो:

- टॅक्सी : दिवसा साधारण १४५ रुपये, मध्यरात्रीनंतर १८० च्या आसपास.
- रिक्षा : दिवसा साधारण १२० रुपये, मध्यरात्रीनंतर १५० च्या आसपास.

ठोक भाड्याची एसी गाडी यापेक्षा महाग असणारच. पहाटे दारात येणं, परत रिकामं जाणं, एसी हे त्यात धरलेलं असतं. पण मीटरचा आकडा माहीत असला की मागितलेलं भाडं दुप्पट आहे की पाच-सहा पट, हे लगेच कळतं आणि घासाघीस करता येते. दोन ठिकाणी विचारूनच ठरवा.

भाडं विचारताना ‘किती घेणार?’ एवढंच विचारू नका. ‘टोल, पार्किंग, रात्रीचा जादा आकार, बॅगांचे पैसे सगळं धरून किती?’ असं विचारा. जोगेश्वरीहून टर्मिनल १ किंवा २ ला जाताना वाटेत टोल नाका नाही. त्यामुळे टोलच्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका. नवी मुंबईला जाताना ऐरोली किंवा वाशी नाक्यावर छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ आहे. अटल सेतूने गेलात तर मात्र टोल लागतो. तो भाड्यात धरलाय का, ते आधीच ठरवा.

डिकीत बॅगा मावतील का?

हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि पहाटे दोनला खोळंबा होतो. मुंबईतल्या बऱ्याच टॅक्सी सीएनजीवर चालतात आणि सिलिंडर डिकीत असतो. छोट्या गाडीत एक मोठी बॅग कशीबशी बसते. तिघं-चौघं आणि तीन मोठ्या बॅगा असतील तर मोठी गाडी किंवा वर कॅरिअर असलेली गाडी मागा. बॅगा किती आणि केवढ्या, हे फोनवरच सांगा. तांदूळ, मसाले, लोणच्याचे डबे बांधलेलं खोकं असेल तर तेही मोजा. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पैसे डिकीतल्या बॅगेत ठेवू नका, जवळच्या पिशवीत ठेवा.

पिवळी पाटी बघा

भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीची नंबर प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी असतात. भाड्याच्या इलेक्ट्रिक गाडीची प्लेट हिरवी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढरी प्लेट म्हणजे घरगुती गाडी. तिला भाडं घेऊन प्रवासी नेण्याची परवानगी नसते, आणि तिचा विमाही त्यासाठी नसतो. अपघात झाला तर भरपाईचा दावा अडकू शकतो. ‘भावाचीच गाडी आहे, शंभर रुपये कमी द्या’ असं कुणी म्हणालं तरी नको म्हणा.

ठरलं की मेसेज पाठवा

तोंडी ठरलेलं रात्री विसरलं जातं. रिसेप्शनवरचा माणूसही पाळी बदलून जातो. म्हणून हॉटेलवाल्याला किंवा ड्रायव्हरला व्हॉट्सॲपवर असा मेसेज टाका आणि ‘हो’ असं उत्तर मागून घ्या:

‘नमस्कार. रूम नंबर २०४. गाडी १२ तारखेला पहाटे १:४५ ला दारात पाहिजे (११ च्या रात्रीनंतर). जायचं टर्मिनल २, सहार. माणसं ३, मोठ्या बॅगा ३, छोटी १. पार्किंग, रात्रीचा आकार सगळं धरून भाडं ___ रुपये, पोचल्यावर देणार. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन रात्री ९ पर्यंत पाठवा.’

रात्री नऊला नंबर आला नाही तर तेव्हाच दुसरी गाडी शोधा. हातात वेळ असतो. नंबर आला की ड्रायव्हरला एक फोन करून खात्री करा आणि लॉजजवळची खूण सांगा.

मोबाईलवरची फसवणूक

गाडी शोधताना मोबाईलवर ‘एअरपोर्ट टॅक्सी’ असं टाकलं की पहिल्यांदा दिसणारे नंबर बऱ्याचदा जाहिराती असतात. त्यात खोटे नंबरही असतात. या गोष्टी सांभाळा:

- पूर्ण भाडं आगाऊ देऊ नका. ‘फक्त एक रुपया भरून बुकिंग करा’ म्हणून आलेल्या लिंकवर कार्डाचा नंबर टाकू नका.
- कुणी पाठवलेली फाईल किंवा ॲप मोबाईलमध्ये घेऊ नका. ‘स्क्रीन शेअर करा’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या.
- पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.
- ॲपच्या गाडीत ड्रायव्हर चार आकडी पिन मागतो, तो फेरी सुरू करण्यासाठी असतो. गाडीत बसल्यावर, नंबर प्लेट जुळवूनच सांगायचा. बँकेचा ओटीपी कुणालाही सांगायचा नाही.

पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

गाडी आलीच नाही तर?

ठरलेल्या वेळेनंतर दहा मिनिटं थांबा, त्यापेक्षा जास्त नाही. ड्रायव्हरला फोन, मग रिसेप्शनला. ‘पाच मिनिटांत आलो’ हे दुसऱ्यांदा ऐकलं की पर्यायाला लागा. कुणी एकाने ॲपवर गाडी बघायची, दुसऱ्याने लॉजच्या वॉचमनला घेऊन रिक्षा-टॅक्सी बघायची. रात्रीही जोगेश्वरी स्टेशनबाहेर आणि महामार्गावर रिक्षा मिळतात. माणसं जास्त असतील तर दोन रिक्षा करा. जो प्रवासाला निघालाय तो आणि त्याची कागदपत्रं पहिल्या रिक्षात.

गाडी येऊनही प्लेटचा नंबर वेगळा असेल, तर बसू नका. बाई माणूस एकटी असेल तर प्लेटचा फोटो काढून घरी पाठवावा आणि प्रवासाचं लोकेशन घरच्यांना शेअर करावं. वाटेत भीती वाटली तर ११२ नंबर लावायचा.

पोचल्यावर

टर्मिनलच्या दारात गाडीला फार वेळ थांबू देत नाहीत. बॅगा उतरवा, मोजा, सीट आणि डिकी बघा, पैसे द्या. सुटे पैसे आधीच ठेवलेले बरे. आत जाताना तिकीट आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. तिकीट मोबाईलवर चालतं, पण बॅटरी संपली तर अडचण, म्हणून एक प्रिंट जवळ ठेवा. सोडायला आलेल्यांना दाराच्या आत जाता येत नाही. त्यामुळे निरोप बाहेरच घ्यायचा. घरच्यांना लॉजवर परत यायचं असेल तर तीच गाडी थांबणार का आणि थांबण्याचे किती, हेही आधीच ठरवा.

चुकून दुसऱ्या टर्मिनलला आलात तर घाबरू नका, पण वेळही घालवू नका. दोन्ही टर्मिनलमध्ये रस्त्याने चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे. ड्रायव्हर गेला नसेल तर त्याच गाडीने जा.

विमान सुटलंच तर लगेच विमान कंपनीच्या काउंटरवर जा आणि पुढच्या विमानात जागा आहे का विचारा. तिकिटाचे पैसे बुडाले तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत मागता येतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा तसा नियम आहे. भाड्यावरून किंवा सेवेवरून फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पावती, मेसेज आणि गाडीचा नंबर जपून ठेवला असेल तरच तक्रारीला वजन येतं.

झोपण्याआधी एकदा तपासा

- तिकिटावरची तारीख, वेळ, विमानतळ आणि टर्मिनल वाचलं का?
- गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा फोन आला का? त्याच्याशी बोलणं झालं का?
- सगळं धरून भाडं मेसेजमध्ये लिहिलंय का?
- बॅगा किती ते सांगितलं का?
- लॉजचं बिल रात्रीच भरलं का? पहाटे रिसेप्शनवर माणूस झोपलेला असतो.
- मोबाईल चार्जिंगला लावला का? दोघांच्या मोबाईलवर गजर लावला का?
- दुसऱ्या गाडीचा एक नंबर जवळ ठेवला का?